वासाची बाटली

मनीषनगर, नागपूर
४ जुलै २०२४

प्रिय मारोतभाऊ,

तुम्हाला आणि रंभावहिनींना नमस्कार, नात खुशीला आशीर्वाद.

तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही हे मागच्या वेळी कळलं. मी तब्येत विचारली आणि तुम्ही "हो हो, पाठवून दे" म्हणालात. मोबाइलवर लिहावं तर तो असतो खुशीच्या हातात, म्हणजे सगळ्या घरासमोर वाचन होणार. तेव्हा आपलं पोस्टाचं पाकीटच बरं.

बातमी मोठी आहे. आपल्या गाडीखान्यातल्या डिझेलच्या गाड्या गेल्या. तुम्ही अठरा वर्षं चालवलेली ती खडखडी क्रेनने उचलून भंगारात नेली. मी नमस्कार केला, बाकीच्यांनी फोटो काढले. सरकारी गाड्या आता गॅसवर चालवायच्या असा वरून हुकूम आला आणि अकरा नव्या कोऱ्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. मला फिरता दवाखाना मिळाला. प्रेमिला सिस्टर, औषधांची पेटी आणि मी. बुटीबोरीपलीकडे मजुरांच्या वस्त्या आहेत, तिथे रोज फेरी.

गाडी इतकी गुमान चालते की चालू आहे की बंद, समजत नाही. पहिल्या दिवशी मी चालू गाडीला पुन्हा चावी मारली आणि ती अशी किंचाळली की चंपतराव मेकॅनिक लंगडत धावत आला. "अबे, चालूच हाये ते! काहून तिचा जीव घेऊन राहिला?" डिझेल लिटरने घ्यायचो, गॅस किलोने घ्यायचा, म्हणजे वांगी घेतल्यासारखं वाटतं. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. आणि रांगेत एक झोप होते.

एक दिवसाचं शिक्षणही झालं. गॅसला स्वतःचा वास नसतो म्हणे. गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. शिकवणाऱ्या साहेबांनी त्या वासाची एक छोटी बाटली सगळ्यांच्या हातातून फिरवली. प्रत्येकाने नाक मुरडलं, ओमप्रकाश तर ओकायलाच धावला. मीही नाक मुरडलं. हसून हसून पुरेवाट झाली.

चंपतराव पुढच्या वर्षी रिटायर होईल. त्याचा तो पाय पाहिला की ती सकाळ आठवते. नऊ वर्षं झाली. तुम्ही गाडी मागे घेत होतात, ब्रेक लागला नाही आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. त्या सकाळी ब्रेकचं तेल मीच बदललं होतं. आता कोणी बोलून दाखवत नाही, पण गाडी काढण्याआधी मी तीनदा ब्रेक दाबून बघतो.

तुमचा
शालिकराम

---

कन्हान
१२ जुलै २०२४

प्रिय शालिकराम,

पत्र मिळालं. खडखडीला नमस्कार केलास हे बरं केलंस. तिच्या इंजिनाने माझे कान खाल्ले, पण कधी रस्त्यात सोडलं नाही. मी रिटायर झालो आणि लगेच कानही रिटायर झाले. आता मी बोलतो तेव्हा रंभा दोन्ही हात वर करते. तिचे ओठ बघून एवढं कळतं, "अवो, हळू बोला, सारी गल्ली आयकून राहिली!"

ते ब्रेकचं डोक्यातून काढून टाक. झालं गेलं कन्हान नदीला मिळालं. त्यावर पुन्हा लिहू नकोस.

त्यापेक्षा मला एक सांग. त्या गॅसचा वास नेमका कसा असतो? माझे कान गेले, पण नाक शाबूत आहे. इथे बसून मला त्या बाटलीचा हेवा वाटतो. नीट वर्णन करून लिही. आणि तू ड्रायव्हर आहेस की डॉक्टरांचा कंपाउंडर, तेही कळव. वस्तीवर गोळ्या वाटत असशील, तुझा भरवसा नाही.

तुझा
मारोत

---

मनीषनगर
२४ जुलै २०२४

प्रिय मारोतभाऊ,

गोळ्या वाटत नाही, पण बाळांना वजनकाट्यावर धरायला मीच लागतो. बाळं मला बघून गप्प होतात. सिस्टर म्हणतात माझ्या मिशांना भितात.

वासाचं विचारलंत. सडक्या कांद्यासारखा असतो म्हणतात. कोणी म्हणतं कुजलेल्या अंड्यासारखा. घाणच असणार, त्यात काय वर्णन करायचं!

माझी सकाळची रीत सांगतो. गाडीचं दार उघडून आधी सिस्टरला आत बसवतो. बाईमाणसाचा मान आहे. मग दारं लावून घेतो, डब्यात काय आणलं ते विचारतो आणि दोन मिनिटं आरशातून बघतो. त्यांचा चेहरा ठीक दिसला की मगच चावी लावतो. परवा त्या म्हणाल्या, "भाऊ, मले दार उघडून देणारा पयला ड्रायव्हर तुमी. नाहीतर बाकीचे हॉर्न वाजवतेत." मला बरं वाटलं, आणि जरा नाहीही वाटलं.

पाऊस सारखा आहे. वस्तीवर ताप वाढलाय. सवड कमी.

तुमचा
शालिकराम

---

कन्हान
२ ऑगस्ट २०२४

शालिकराम,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. दोन मिनिटं आरशातून बाईचा चेहरा बघतोस? दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी वेगळाच अर्थ काढला असता. तुला मी ओळखतो. परस्त्रीकडे बघायची वेळ आली तर तू चपलेकडे बघतोस.

मला आरशाचं सांगू नकोस. आरशात बघून काम भागवणारा ड्रायव्हर मी लांबून ओळखतो.

दोन वर्षांपूर्वी तू आमच्याकडे जेवायला आला होतास. रंभाच्या हातून वडाभाताची फोडणी जळाली. मी, खुशी, शेजारपाजारचे, सगळे खोकत अंगणात पळालो. तू ताटावर बसून शांतपणे जेवत होतास. रंभा अजून म्हणते, शालिकरामभाऊंसारखा सज्जन माणूस नाही, अन्नाला नाव ठेवत नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

कोरोनाच्या तापात तुझ्या तोंडाची चव गेली होती. ती परत आली का? आणि नाक?

तुला वास येतो की नाही, एवढंच लिही. बाकी वस्तीच्या गोष्टी नकोत.

मारोत

---

मनीषनगर
१९ ऑगस्ट २०२४

मारोतभाऊ,

तुमचं पत्र दोन आठवडे खिशात घेऊन फिरतोय. घडीवर फाटलं.

नाही येत. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू येईल. कापूर, लसूण, अगरबत्ती, सगळं हुंगून झालं. काही नाही. घरी हिला माहीत आहे, आता तुम्हाला.

डिझेलच्या गाडीला नाक लागत नव्हतं. डिझेल गळलं तर खाली थेंब दिसायचे. मग ह्या गाड्या आल्या आणि ती बाटली फिरली. माझ्या आधी सहा जण होते. त्यांनी तोंडं कशी केली ते बघून घेतलं आणि माझी पाळी आल्यावर तसंच केलं. मला दोन वर्षं राहिली आहेत, मारोतभाऊ. स्टिअरिंग काढून घेतलं तर मला दुसरं काय येतं? साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचं आणि घंटी वाजली की पाणी घेऊन जायचं. बत्तीस वर्षं लोकांनी मला ड्रायव्हरभाऊ म्हटलं. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरतं? म्हणून सिस्टरला आधी बसवू लागलो. मान वगैरे काही नाही. त्यांचं नाक वापरत होतो.

आता पुढचं ऐका. नऊ तारखेला सिस्टरला भयंकर सर्दी होती. नाक लाल, बोलणं नाकातून. त्या दिवशी मी गाडी काढायलाच नको होती. काढली. परतताना वस्तीवरची एक बाई सोबत घेतली, आठवा महिना, पाय सुजलेले. सिस्टर म्हणाल्या तिला थेट मोठ्या दवाखान्यात नेऊ. वाटेत तिने भुट्टा मागितला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणे. मी भुट्टेवाल्यासमोर गाडी उभी केली. त्याची शेगडी पाचसहा पावलांवर होती, निखारे फुललेले. तो कणीस फिरवता फिरवता थांबला, नाक वर केलं आणि ओरडला, "अरे भैया, गैस निकल रही है! तुम्हारी गाड़ी से!" आणि शेजारची पाण्याची बादली त्याने सगळी शेगडीवर ओतली.

मी टाकीचा खटका बंद केला, दोघींना उतरवून लांब नेलं. ती बाई दोन्ही हात पोटावर धरून उतरली. नळीचा एक नट सैल झाला होता. किती वेळ गळत होता देव जाणे. सिस्टरने त्या बाईला रिक्षाने मोठ्या दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी घरी गेली.

गाडीखान्यात लिहून देताना मी लिहिलं, "गॅसचा वास जाणवल्याने चालकाने गाडी थांबवली." कोणाला जाणवला ते लिहिलं नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर साहेबांनी मला पुढे बोलावलं. सतर्क चालक म्हणून प्रशस्तिपत्र दिलं, गुलाबाचं फूल दिलं. फूल नाकाशी नेलं तर फोटोवाला म्हणाला, असेच राहा. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. काय करू ते सांगा. तुम्ही मोठे आहात.

शालिकराम

---

कन्हान
२६ ऑगस्ट २०२४

शालिकराम,

हे पत्र बसून वाच.

माझे कान रिटायर झाल्यावर गेले हे खोटं आहे. ते त्याआधी चार वर्षं गेले होते. तुझ्यासारखंच, घरी रंभाला माहीत होतं आणि मला. गाडी मागे घेताना मी आरशात बघायचो. कोणाचा तरी हात दिसायचा, तो हलला की थांबायचं. लोकांना वाटायचं मारोतभाऊ किती सांभाळून गाडी घेतो.

त्या दिवशी चंपतराव मागच्या चाकाशी वाकून बसला होता. आरशात तो दिसला नाही. तो ओरडला. सगळा गाडीखाना ओरडत होता असं मला नंतर कळलं. मला काही ऐकू आलं नाही. चाकाखाली काहीतरी आलं एवढं अंगाला जाणवलं, तेव्हा थांबलो.

ब्रेक ठणठणीत होते. तू तेल बरोबर बदललं होतंस. मी ब्रेक वेळेवर दाबलाच नव्हता, कारण दाबायचा हे मला कळलंच नाही.

लोक जमा झाले तेव्हा तोंडातून निघालं, "ब्रेक नाही लागला." एकदा बोललो आणि मग मागे येता आलं नाही. मेमो तुझ्या नावाने आला. साहेबांची गाडी तुझ्याकडून काढून घेतली. दवाखान्याबाहेर तू बाकावर बसून रडलास आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. शालिकराम, त्या हाताची मला आजही लाज वाटते. नऊ वर्षांत शंभरदा तोंड उघडलं आणि मिटलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मी लोकांना सांगत फिरलो, स्वतः मात्र टोपली दाबून बसलो.

काय करू विचारतोस? उद्या सकाळी साहेबांकडे जा. तुझी नोकरी जाईल की स्टूल मिळेल, मला माहीत नाही. पण तुझ्या गाडीतली बाई दोन पायांवर चालत घरी गेली. चंपतराव नाही गेला. तुझ्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे, आणि तो भुट्टेवाल्याने केलाय. दुसऱ्या वेळी भुट्टेवाला नसेल.

मला माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. म्हणून लिहीत नाही.

मारोत

---

कन्हान
२० सप्टेंबर २०२४

शालिकराम,

पोळा झाला, मारबत झाली, गणपतीही गेले. तुझं पत्र नाही. पोस्टमन दिसला की मी फाटकाशी जातो. रंभाने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. मला ऐकू येत नसलं तरी एवढं कळतं.

तू शिव्या लिहिल्यास तरी चालेल. पण गाडीचं काय केलंस तेवढं कळव. रोज पेपरात आधी अपघाताची बातमी बघतो.

मारोत

---

मनीषनगर
६ ऑक्टोबर २०२४

मारोतभाऊ,

शिव्या लिहून झाल्या होत्या. चार पानं होती. हिने वाचली आणि म्हणाली, पाठवा. मीच ठेवून दिली.

मी रागावलो आहे. अजूनही आहे. नऊ वर्षं चंपतरावाच्या पायाकडे बघून मी मान खाली घातली. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवायला बसलो नाही, शेवटपर्यंत वाढत राहिलो. तो म्हणायचा, "बस गा शालिकराम, घास खा." मला बसवत नव्हतं. आणि तुम्ही समोरच्या पंगतीत होतात. हे मी विसरेन असं वाटत नाही. खोटं कशाला लिहू!

पण तुमचं पत्र आलं नसतं तर ते प्रशस्तिपत्र मी आज भिंतीला टांगलं असतं हेही खरं आहे.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही गेलो. तीन दिवस रजा टाकली, गाडी कोणालाच नेऊ दिली नाही. चौथ्या दिवशी साहेबांकडे जाण्याआधी सिस्टरकडे गेलो. त्या औषधं मोजत होत्या. मी सगळं सांगितलं. दार का उघडायचो, आरशात का बघायचो, नऊ तारखेला काय झालं. त्या उठून उभ्या राहिल्या. "माह्या नाकावर तुमी त्या पोटुशा बाईचा जीव ठेवला, अन् मलेच नाही सांगितलं? मी एक डाव मास्क लावून बसली असती त?" त्या रडल्या. रागानेच रडल्या.

साहेबांच्या टेबलावर प्रशस्तिपत्र ठेवलं. मला वाटलं आता घंटी वाजवतात. त्यांनी अकराही ड्रायव्हरांना बोलावलं आणि त्या शिकवणाऱ्या साहेबांना बोलावून घेतलं. या वेळी तीन बाटल्या होत्या, दोन साध्या पाण्याच्या आणि एक वासाची. एकेकाने आत जायचं, डोळ्याला पट्टी बांधायची आणि सांगायचं कोणती. दुसऱ्याचं तोंड बघायची सोयच नाही. मी बाहेर बसलो होतो, माझं तर झालंच होतं.

ओमप्रकाश आत गेला तो बाहेर येईना. मग आला आणि माझ्याशेजारी बसला. ज्याला पहिल्या दिवशी ओकारी आली होती तो! मला म्हणाला, "भाऊ, मले बी नाही येत. दोन वर्सं झाली. म्हनून त मी जास्तच नाटक केलं." त्याच्यानंतर अजून एक जण येऊन बसला. अकरांपैकी आम्ही तिघं, मारोतभाऊ. तिघंही एकमेकांची तोंडं बघून नाक मुरडत होतो.

साहेब ओरडले नाहीत. शिकवणारे मात्र खाली बघत होते. प्रत्येक गाडीत गॅस गळला की आपोआप वाजणारं यंत्र लावायचं ठरलंय. ते येईपर्यंत आम्ही तिघं गाडी चालवायची नाही. पुढे मला स्टिअरिंग परत मिळेल की नाही, साहेबांनी शब्द दिला नाही. मीही मागितला नाही. खोटं लिहून दिल्याबद्दल मेमो मिळाला. तो माझाच आहे, तो मी घेतला.

सध्या रोज सकाळी सातला साबणाचं पाणी आणि दाढीचा ब्रश घेऊन अकराही गाड्यांच्या नळ्या तपासतो. जोडावर फेस लावायचा. गळत असेल तर फुगा येतो आणि फुगा डोळ्यांना दिसतो. आतापर्यंत दोन सापडले. सिस्टर पाचव्या दिवशी बोलल्या. त्या बाईला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. नव्या ड्रायव्हरच्या गाडीत त्या आता स्वतः दार उघडून बसतात.

चंपतरावाला मी काही सांगितलेलं नाही. अनेकदा तोंडावर आलं. त्याच्यासमोर माझं ओझं उतरलं असतं, नऊ वर्षांचं. पण ते सांगायचं काम माझं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, तेरा तारखेला, मी त्याला घेऊन कन्हानला येतो. त्याला वाटतं आपण सोनं द्यायला चाललोय. वहिनींना म्हणावं जेवणाचं काही करू नका, आधी बोलणं होऊ द्या. तुम्हीच सांगायचं, माझ्याकडे बघायचं नाही. त्यावर तो काय म्हणेल ते तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून मी वही आणतो. तो जे बोलेल ते तिथेच बसून लिहून तुमच्या हातात देईन, एकही शब्द न बदलता.

शालिकराम